ब्रेमेनचं विद्यापीठ चांगलंच, पण लेकीला घडवलं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरानं

मी गोव्यात, फोंड्याला उच्च माध्यमिकला मराठी शिकवते. निकालाच्या दिवसांत पालक भेटले की पूर्वी विचारायचे, "टीचर, पुण्याला पाठवू का?" आता विचारतात, "तुम्ही मुलीला जर्मनीला पाठवलं होतं ना? कसं आहे?" याचं उत्तर बाजारात उभ्या उभ्या देता येत नाही. घाईत सांगायला गेलं तर लोक खर्च किती आणि पगार किती एवढंच लक्षात ठेवतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. वॉशिंग मशीन घेतलं तरी आपण चार ओळींचा अभिप्राय टाकतो. इथं तर घरातली बरीचशी पुंजी आणि पोटची मुलगी, दोन्ही पाठवलेली.

थोरली २०२२ च्या ऑक्टोबरात ब्रेमेन विद्यापीठात सागरी जीवशास्त्राच्या एमएस्सीला गेली. पुढच्या वर्षी माझा भाचा गेला, मेकॅनिकल इंजिनियरिंगला, जर्मनीतल्याच एका मोठ्या शहरात. दोघं एकाच वाड्यावर वाढलेली, एकाच शाळेतली, गुणही साधारण सारखे. दोघांनी पदव्या मिळवल्या. पण थोरली आतून बदलून आली आणि भाचा बराचसा गेला तसाच आहे. तो माझा लाडका आहे, कष्टाळू आहे, त्याच्यात काही कमी आहे असं मुळीच म्हणायचं नाही. दोघांना इतक्या जवळून बघितल्यावर माझं मत मात्र पक्कं झालंय: मूल परदेशात कुठल्या विद्यापीठात शिकतं यापेक्षा कुणाबरोबर राहतं याचा परिणाम जास्त होतो. हा अभिप्राय त्याच अंगानं वाचावा.

आधी पैसे, कारण विचारायचं तेच असतं.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही अलीकडे शुल्क सुरू केलंय. ब्रेमेनला फक्त सत्रवर्गणी, चारशे युरोंच्या आसपास, आणि त्यात बस-ट्राम-रेल्वेचा पास धरलेला. खरा डोंगर असतो तो गोठवलेल्या खात्याचा. वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका खात्यात भरायचे, ते तिकडे गेल्यावर महिन्याच्या हप्त्यानं सुटतात. आमच्या वेळी ही रक्कम १०,३३२ युरो होती. पुढे ११,२०८ झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ आहे, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे तुमचेच असतात, कुणी खात नाही, पण एकरकमी उभे करताना घाम फुटतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, तिची चौकशी बँकेत जाण्याआधी करा. आजोबा-वडिलांमुळे ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आलेला आहे त्यांना व्हिसा नको आणि हे खातंही नको. आमच्याकडे तो नव्हता.

भाच्याच्या वेळेपर्यंत कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं होतं. ते नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागतं, शुल्क १८,००० रुपये. शिवाय बरीच विद्यापीठं अर्ज एका मध्यवर्ती संस्थेमार्फत घेतात: पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. दहा ठिकाणी अर्ज करायचा म्हटलं तर हिशेब करून बघा.

सल्ला केंद्राबद्दल थोडंच लिहिते. आम्ही एका ठिकाणी गेलो होतो. तिथल्या बाईंनी पहिल्याच बैठकीत एका खासगी विद्यापीठाचं रंगीत पुस्तक समोर ठेवलं, वर्षाची फी लाखांत. सरकारी विद्यापीठाचं नाव काढलं की "तिथं ॲडमिशन कठीण आहे हो" एवढंच. केंद्राला कमिशन कुणाकडून मिळतं हे कळल्यावर आम्ही उठलो. थोरलीनं पुढचं सगळं स्वतः केलं, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बसून. ज्या मुलाला हा अर्ज स्वतः भरता येत नाही त्याला तिथं पहिल्या महिन्यातच जड जाणार आहे, त्यामुळे हे काम पैसे देऊन करून घेऊ नये असं मला वाटतं.

ब्रेमेनच का, तर समुद्र. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलला आहे आणि तिथल्या शास्त्रज्ञांचं उत्तर जर्मनीशी जुनं नातं आहे. २००९ साली या संस्थेनं आणि ब्रेमेनजवळच्या ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं मिळून दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला होता. पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरून समुद्रात लोहाचं द्रावण सोडायचं आणि त्यानं वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) किती वाढतं, हवेतला कार्बन किती खोल जातो हे मोजायचं. अपेक्षेपेक्षा फारच कमी कार्बन खाली गेला. थोरलीनं कॉलेजात असताना याबद्दल ऐकलं आणि तिच्या डोक्यात ते बसलं. "प्रयोग फसला तरी त्यांनी तो तसाच छापला," असं ती मला भारावून सांगायची.

विद्यापीठ म्हणाल तर १९७१ चं, म्हणजे तिकडच्या मानानं तरुण. विमानतळावरून सहा नंबरची ट्राम थेट विद्यापीठात जाते, त्यामुळे नव्या मुलाची पहिल्या दिवशीची निम्मी चिंता संपते. भोजनगृहात तीन-चार युरोंत पोटभर जेवण, शाकाहारीही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, उपकरणं यांत नाव ठेवायला जागा नाही. शिकवणं मात्र ज्याला आपण शिकवणं म्हणतो तसं नाही. प्राध्यापक विषय उघडून दाखवतात आणि बाजूला होतात. तास संपला की मुलं टाळ्या न वाजवता बाकावर बोटांनी टकटक करतात. नोट्स कुणी देत नाही. प्रबंधाचा पहिला मसुदा तिनं बाईंना दिला तेव्हा त्यांनी समासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा लिहून परत दिला: "हे तुम्हाला कशावरून माहीत?" आपल्याकडे पदवीपर्यंत उत्तम गुण मिळवलेल्या मुलीला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

गुण उलटे असतात. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० काठावर पास, त्याखाली ५.० म्हणजे नापास. परीक्षेला आपण होऊन मुदतीत नाव नोंदवायचं, विसरलात तर सत्र गेलं. बहुतेक ठिकाणी प्रयत्नांनाही मर्यादा असते. पहिल्या सत्रात थोरली संख्याशास्त्रात नापास झाली. आम्हाला हे महिन्याभरानं कळलं, तेही तिनं सांगितलं म्हणून. विद्यापीठ पालकांना काही म्हणजे काही कळवत नाही. सज्ञान विद्यार्थ्याचा निकाल हा त्याचा खासगी कागद, आई विचारते म्हणून तो कुणी दाखवत नाही. मी शिक्षिका आहे, पालकसभा घेत घेत माझे केस पिकले आणि तरीही सांगते, हे मला पटलं. निकाल आधी तिच्या एकटीचा झाला, मग तिनं ठरवलं कुणाला सांगायचा.

एवढ्यापर्यंतच्या गोष्टी भाच्यालाही मिळाल्या. त्याचं विद्यापीठ तर क्रमवारीत ब्रेमेनच्या कितीतरी वर आहे. फरक पडला तो पुढे.

थोरलीला विद्यार्थी सेवा संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळाली. भाडं तीनशे युरोंच्या आत-बाहेर, खोली स्वतःची, स्वयंपाकघर मजल्यावरच्या सगळ्यांचं मिळून. एक इराणची मुलगी, एक व्हिएतनामची, एक ब्राझीलचा मुलगा, आणि ओल्डेनबुर्गकडच्या एका खेड्यातला जर्मन मुलगा. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, भिंतीवर साफसफाईचा तक्ता, कचऱ्याचे डबे चार रंगांचे. रात्री दहानंतर आवाज नाही, रविवारी दुकानं बंद.

आता किसमूरची, म्हणजे सुक्या मासळीच्या कोशिंबिरीची गोष्ट, कारण या सगळ्या खर्चातली सर्वांत मोलाची वस्तू मला तिथं दिसली.

थोरलीच्या सामानात सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी होती. (जाणाऱ्यांसाठी सांगते: मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, पण सुकी मासळी स्वतःच्या खाण्यापुरती, वीस किलोपर्यंत चालते. एवढी कुणाला लागते म्हणा.) नोव्हेंबरात तिकडे चार-साडेचारला अंधार पडतो, पाऊस भुरभुर चालूच. अशा एका संध्याकाळी तिनं तव्यावर सुंगटं भाजली, खोबरं घातलं, किसमूर केली आणि भाताबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर चिठ्ठी: स्वयंपाकघरात मासे शिजवू नयेत. खाली सही नाही.

फोनवर ती रडली. मला त्या चिठ्ठीचा मनापासून राग आला. आपल्याकडे असं झालं असतं तर दोन वाटा होत्या: मुकाट्यानं बंद करायचं, नाहीतर अबोला धरायचा. आमच्या घराण्यात विहिरीच्या वाटेवरून धरलेला अबोला दोन पिढ्या चाललाय. थोरलीही पहिल्या वाटेनं निघाली होती. सुंगटांची पिशवी तिनं तीन प्लास्टिकांत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवून दिली.

इराणच्या मुलीनं ती चिठ्ठी काढली आणि मजल्याच्या गटावर लिहिलं की गुरुवारी आठ वाजता स्वयंपाकघरात बैठक, विषय वास. थोरलीला वाटलं आपली चौकशी होणार. पण तिथं सगळे चहा घेऊन बसले आणि प्रत्येकाला विचारलं गेलं, तुला कशाचा त्रास होतो? जर्मन मुलानं लगेच कबूल केलं की चिठ्ठी त्याची, सुकट भाजल्याचा वास त्याच्या खोलीत सकाळपर्यंत राहिला आणि त्याची परीक्षा होती. व्हिएतनामच्या मुलीनं सांगितलं की तिची मासळीची चटणी आणि त्याचं वितळवलेलं चीज यांत तिला तरी फरक वाटत नाही. मग थोरली बोलली. म्हणजे तिला बोलावंच लागलं, कारण तिची पाळी आली आणि सगळे थांबले. ती म्हणाली, हे आमच्या घरचं जेवण आहे, मी ते सोडणार नाही, पण तुझी झोप जावी असंही मला वाटत नाही. अर्ध्या तासात नियम ठरला: उग्र वासाचं काहीही असो, मासे किंवा चीज, खिडकी उघडून, पंखा लावून, दार बंद करून आणि रात्री आठच्या आत. कागदावर लिहून पाचही जणांनी सह्या केल्या. पुढच्या वर्षी आम्ही तिकडे गेलो तेव्हा तो कागद चुलीशेजारी तसाच होता, तेलाचे डाग पडलेला, आणि खाली नव्या आलेल्या दोघांच्या सह्या वाढलेल्या.

त्या मुलानं शेवटपर्यंत किसमूर तोंडाला लावली नाही. पण संख्याशास्त्राच्या दुसऱ्या प्रयत्नाआधी रोज संध्याकाळी त्याच टेबलावर बसून त्यानंच तिला आर ही संगणकभाषा शिकवली. ती पास झाली, २.३ मिळाले. भांडण होतं, मिटतं, आणि भांडलेल्या माणसाबरोबर दुसऱ्या दिवशी काम करता येतं, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलीला कुठला अभ्यासक्रम शिकवणार?

भाच्याचं उलट झालं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. व्हिसा उशिरा आला, मोठ्या शहरात वसतिगृहाची यादी लांबलचक, नंबर लागेना. मग ओळखीतून एका खासगी सदनिकेत जागा मिळाली, पाच मुलं, पाचही भारतातली. चांगली मुलं. त्याला ताप आला तेव्हा रात्रभर जागली, डाळ-भात करून घातला. रविवारी बिर्याणी, संध्याकाळी क्रिकेटचे सामने, बोलायला हिंदी. भाडं आणि हप्ते भागवायला शनिवार-रविवारी रात्री पार्सलच्या गोदामात काम. कामाचे दिवसही मोजून मिळतात. पूर्वी वर्षाला पूर्ण दिवस १२० होते, मार्च २०२४ पासून १४० झाले. तो सोमवारी वर्गात झोपेत बसायचा. पदवी घेतली, नोकरी लागली, कर्ज फेडतोय. त्याच्या आई-वडिलांना आणखी काय हवं? पण मागच्या वेळी सुट्टीला आला तेव्हा मला म्हणाला, "आत्या, मी इतकी वर्षं तिथं आहे, पण जर्मन घर आतून कसं असतं ते मी पाहिलेलं नाही." कंपनीतल्या बैठकीत साहेबाचं गणित चुकतंय हे दिसत असूनही तो गप्प बसतो, घरी येऊन बायकोला सांगतो. असा तो आमच्याकडच्या कॉलेजातही होता.

कुणी म्हणेल, आपल्या माणसांत राहिला तर बिघडलं काय? काहीच बिघडलं नाही. मात्र तेवढंच हवं होतं तर ते पुण्यात एवढ्या खर्चाशिवाय झालं असतं.

मुलं बाहेर कुणाच्या संगतीत राहतात याचं वजन किती असतं, हे आपल्या गोव्याला कुणी वेगळं सांगायला नको. राममनोहर लोहिया बर्लिनला शिकायला गेले होते, मिठाच्या करावर प्रबंध लिहून १९३३ साली डॉक्टरेट घेऊन आले. तो प्रबंध आज किती जणांनी वाचलाय? पण तिथं शिकत असताना त्यांची आसोळण्याच्या ज्युलियांव मिनेझिसांशी मैत्री जमली. त्या मैत्रीच्या ओढीनं लोहिया १९४६ च्या जूनमध्ये विश्रांतीसाठी म्हणून आसोळण्याला आले, आणि १८ जूनला मडगावात पोर्तुगीज सरकारची बंदी मोडून सभा झाली, दोघांनाही अटक झाली. पणजीतला अठरा जून रस्ता आणि मडगावचं लोहिया मैदान यांच्या मुळाशी परक्या शहरातली दोन विद्यार्थ्यांची ओळख आहे. त्याही आधी साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येच्या ध्यासानं घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका करत गेले आणि पुढे हार्वर्डपर्यंत पोचले. ते जिथं गेले तिथल्या लोकांत राहिले, भिक्षूंत भिक्षू होऊन. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे नेहमी सांगते.

थोरली आता घरी आहे. खाजन जमिनींच्या पाण्यावर एका प्रकल्पात काम करते. दुर्भाटच्या बाजूला तिचे नमुने गोळा करण्याचे ठिकाण आहे, तिथं मी एकदा बरोबर गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेताला खाजन म्हणतात, आणि बांधातल्या पाण्याच्या दाराला मानस. भरती चढली की मानशीच्या लाकडी झडपा पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला जाळं लावून मासे धरतात. मासे धरण्याचा हक्क लिलावानं जातो. तिथले लिलाव घेतलेले काका आमच्या ओळखीचेच. थोरली लहानपणापासून त्यांच्याकडून सुंगटं आणायची, पण "काका, बरें मू?" यापलीकडे कधी बोलणं नाही.

त्या दिवशी ती बांधावर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली, मांडीवर वही. पाण्याचा रंग कधी पालटतो, पावसाच्या कुठल्या महिन्यात खेकडे बांधाला भोकं पाडतात, दाराची फळी कुठल्या लाकडाची टिकते, असं सगळं विचारत होती. काकांनी सांगितलं की अमावास्येच्या भरतीला आतलं पाणी जास्त खारट होतं. ती म्हणाली, "काका, मला पुनवेलाही तेवढंच वाटतंय. दोन्ही वेळा मोजून बघू या?" मी दचकले. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर असं म्हणायचं? काका मात्र हसले आणि म्हणाले, "ये मगे पुनवेक." ती गेली, दोघांनी मिळून मोजलं, आणि अहवालात माहिती देणारे म्हणून त्यांचं नाव आलं, पदवीवाल्यांच्या नावांच्या रांगेत. प्राध्यापकबाईंशी ती ज्या स्वरात बोलते त्याच स्वरात ती काकांशी बोलत होती. आदर दोघांचाही, भीती कुणाचीच नाही. हा माझ्या दृष्टीनं सगळ्या खर्चाचा परतावा आहे.

न आवडलेलंही लिहायला हवं.

सासूबाई गेल्या तेव्हा थोरली इथं नव्हती. प्रयोग अर्धवट, तिकीट महाग, आणि आली असती तरी वेळेत पोचली नसती. आजीच्या हातची पातोळी खाऊन वाढलेली नात व्हिडिओवर कोपऱ्यात बसून होती. हा भाग कुठल्याही माहितीपत्रकात नसतो आणि त्याला भरपाई नाही.

दुसरं, तिचं "नाही" फार लवकर येतं. लग्नाला येणार का, नाही. पाहुण्यांकडे दोन दिवस राहशील का, नाही. कारण विचारलं तर खरं कारण सांगते, आणि खरं कारण ऐकायची नातेवाइकांना सवय नसते. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी तिनं स्वयंपाकघराच्या दारावर कामांचा तक्ता लावला: नारळ कोण खोवणार, खतखत्याच्या भाज्या कोण चिरणार, भांडी कोण घासणार. पुरुषांचीही नावं घातली. थोरल्या काकांना ते लागलं, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोन चुलतभावांनी मात्र नारळ खोवले, आणि आम्ही जावा पहिल्यांदाच आरतीच्या सुरुवातीपासून बाहेर बसलो, घुमट वाद्य ऐकत. तरीही मला वाटतं, काकांना तिनं आधी जाऊन सांगायला हवं होतं. वसतिगृहातल्या टेबलावर सगळे एका वयाचे होते, घरात तसं नसतं. हे ती अजून शिकतेय, आणि आम्हीही तिच्याकडून काही शिकतोय.

गुण द्यायचेच तर विद्यापीठाला पाचपैकी चार. एक गुण कापला तो मानसिक आधारासाठी, कारण समुपदेशकाची वेळ मिळायला इतका वेळ लागला की तोवर पहिला हिवाळा संपला होता. वसतिगृहाला पाच. सल्ला केंद्राला देण्यासारखं काही नाही.

ज्यांचं ठरतंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. प्रवेशपत्र येईल त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज टाका, व्हिसाची वाट बघत बसू नका. काही ठिकाणी प्रवेशाआधीही यादीत नाव घालता येतं. अर्जात स्वतंत्र स्वयंपाकघराची खोली आणि सामायिक स्वयंपाकघराची खोली असे पर्याय असतात. आई-वडिलांचा कल पहिल्याकडे असतो, तुम्ही दुसरा निवडा, तो स्वस्तही असतो. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी जर्मन इथूनच सुरू करून जा, नाहीतर स्वयंपाकघरात सगळे हसतील तेव्हा तुम्हाला दहा सेकंद उशिरा हसावं लागेल. मध्यम शहर निवडा, तिथं खोली मिळते. आणि मुलगा जर म्हणाला की फोंड्याचे तीन मित्र मिळून एकत्र घर घेतोय, तर निदान पहिलं वर्ष त्याला तसं करू देऊ नका.

धाकटा यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जाईन म्हणतो. विद्यापीठांची यादी तो करेल, वसतिगृहांची मी करायला घेतली आहे.